दुसरी वेलांटी

"काका, ह्यावर हे लाल काय केलंय?"

रुपालीने सीडी ट्यूबलाइटकडे धरली होती. यज्ञेश्वरांनी चष्मा वर सरकवला आणि पाहिलं. काळ्या मार्करने, त्यांच्या मुलीच्या, ऋचाच्या गोल अक्षरात लिहिलेलं ‘रीकव्हरी ६’. त्यातल्या पहिल्याच अक्षराच्या दुसऱ्या वेलांटीवर लाल बॉलपेनची तिरपी रेघ, रेघेच्या टोकाला ‘काढून टाका’ची शेपटीवाली खूण, आणि शेजारी, जागा नसताना करून घेतलेल्या जागेत, नीटनेटकी पहिली वेलांटी. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेल्या माणसाला स्वतःची खूण ओळखायला वेळ लागत नाही. वेळ लागला तो ती आपली आहे हे तोंडाने म्हणायला.

"शुद्धलेखन," ते म्हणाले.

"सीडीवर?"

"चूक कुठेही लिहिली तरी चूकच."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. ते ऐकून समोरचा एकतर ओशाळतो नाहीतर हसतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव. रुपालीने दोन्हींतलं काही केलं नाही. तिने सीडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि त्या लाल रेघेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं. "सीडीचा माल खालच्या चकचकीत बाजूला असतो असं सगळ्यांना वाटतं, काका. तसं नसतं. तो वर असतो, हे नाव लिहितो ना आपण, त्याच्या लगेच खाली. मार्करने काही होत नाही. बॉलपेन दाबून लिहिलं की तो थर फाटतो. पहिल्या पाच सीड्या नीट वाचल्या. सहावीला अडकतंय. तीनदा पुसून लावली. सात, आठ, नऊ चांगल्या दिसतायत, पण मधली एक गळली की पुढची घेतच नाही तो."

"मग जुनं होतं तसं परत करा."

"जुनं कुठलं? पहिली सीडी घातली की ती आधी सगळं पुसते, मग लिहायला लागते. तुम्हाला दोनदा विचारलं होतं मी. जुनं कायमचं गेलं आणि नवं अर्धंच आलं. आता मशीन धड ना इकडचं ना तिकडचं."

रुपालीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बिबवेवाडीतल्या एका पिठाच्या गिरणीला चिकटून होतं. भिंतीतून गिरणीची घरघर येत होती आणि पीठ बसू नये म्हणून सगळ्या कीबोर्डांवर जुन्या सुती साडीचे तुकडे पांघरलेले होते. काउंटरवर ऋचाचा लॅपटॉप उघडा होता. त्याच्या पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीत एकच ओळ होती: सहावी डिस्क घाला. खाली एक बटण. रुपाली बटण दाबायची, आत घरघर व्हायची, आणि पुन्हा तीच ओळ यायची. रागावणं नाही, कंटाळणं नाही. यज्ञेश्वर स्टुलावर बसून त्या ओळीकडे बघत राहिले. ही ओळ त्यांनी पूर्वीही पाहिली होती. फक्त त्या दिवशी ती कोरी डिस्क मागत होती, आणि त्यांच्या हातात ती होती.

लॅपटॉप बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका दसऱ्याला आणला होता. ऋचा वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होती आणि कुसुमने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ‘पोरीला तो घ्याच’ असा महिनाभर धोशा लावला होता. घरात आल्याबरोबर कुसुमने त्याला पाटावर बसवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून अक्षता टाकल्या. "आई, आत जातील गं!" ऋचा ओरडली होती. गेल्याच होत्या. चार दिवसांपूर्वी रुपालीने सीडीचा कप्पा ओढला तेव्हा तांदळाचा एक पिवळट दाणा टपकन काउंटरवर पडला. "ही अक्षता का हो?" तिने विचारलं. यज्ञेश्वरांनी दाणा उचलून शर्टाच्या खिशात टाकला, अजून तो तिथेच होता. तर दसऱ्यानंतरच्या रविवारी ऋचा म्हणाली, बाबा, ह्याच्याबरोबर कंपनीने सीड्या दिल्या नाहीत, आपल्याच आपण करून ठेवायच्या असतात, म्हणजे कधी बिघडला तर पहिल्यासारखा करता येतो. डीव्हीडी घरात नव्हत्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून यज्ञेश्वर दहा कोऱ्या सीड्यांचं पाकीट घेऊन आले आणि सबंध दुपार ते लेकीच्या खुर्चीमागे उभे राहिले. पडदा मागायचा, ऋचा हात मागे करायची आणि म्हणायची, "बाबा, दोन." "बाबा, तीन." सत्यनारायणाला गुरुजींच्या हातात एकेक पान द्यावं तसे ते एकेक सीडी देत होते. दूध संपलं होतं म्हणून कुसुमने कोरा चहा केला. सहाव्या सीडीला फार वेळ लागला, तेव्हा ऋचाने बापाची नक्कल केली. चष्म्याच्या वरून बघत, नाकातून आवाज काढत म्हणाली, "‘पाणी पिऊन आलो’ ह्यातला ‘पि’ कुठला? सांगितल्याशिवाय पाणी नाही." कुसुमला हसता हसता ठसका लागला. यज्ञेश्वरसुद्धा हसले. त्या हसण्यातच ऋचाने मार्कर चालवला आणि पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी पडली. ती त्यांना तेव्हाच दिसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते दोन तास गप्प बसले.

मग मायलेकी देवीला गेल्या, आणि त्यांनी सीड्यांचा डबा उघडला आणि लाल पेन काढलं.

ऋचाला ते नंतर कधीतरी दिसलं. "बाबा, सीडीवरसुद्धा?" असं म्हणून ती हसली होती. तेव्हा ती अजून हसायची. ते बॉलपेन त्यांना आता आठवलं. छापखान्यातून मिळायचं, बारीक टोकाचं, दाबल्याशिवाय न उमटणारं.

कुसुम दोन वर्षांनी गेली. ती होती तोवर घरात एक दुभाषी होता असं म्हणायला हरकत नाही. यज्ञेश्वर काहीतरी बोलायचे, आणि कुसुम मागाहून मुलीच्या खोलीत जाऊन सांगायची, त्यांचं म्हणणं तसं नव्हतं गं, त्यांना असं म्हणायचं होतं. दुभाषी गेल्यावर मूळ तेवढं उरलं. फ्लॅटमध्ये दोन माणसं, आणि एकाच्या तोंडून जे निघेल ते दुसऱ्याला तसंच्या तसं लागायचं. ऋचा संध्याकाळी खोलीत बसून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करायची. तासन् तास. दार अर्धवट उघडं असायचं. यज्ञेश्वर पाण्याच्या निमित्ताने तिकडून गेले की लॅपटॉपचं झाकण हळूच खाली यायचं. काय लिहितेस, असं त्यांनी एकदाच विचारलं. "काही नाही, असंच," ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले होते, "‘असंच’ लिहिण्याइतकं शुद्धलेखन सुधारलं वाटतं?" हे त्यांना गंमत म्हणून म्हणायचं होतं. पुण्यात माणसं गंमत अशीच करतात. पण ते वाक्य बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उगाचच उभे राहिले, एवढं त्यांना आजही आठवत होतं.

"काका, चहा सांगू?" रुपालीने विचारलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते तिलाही कळलं नसावं. तिने सांगितला.

चार दिवसांपूर्वी सकाळी दिग्विजयचा फोन आला होता. दिग्विजय म्हणजे जावई. यज्ञेश्वरांनी हा शब्द त्याच्यासाठी मोठ्याने कधी वापरला नव्हता. लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यालगत त्याची गुलाबांची नर्सरी. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा, दिवाळीला आणि ऋचाच्या तिथीला. हा दोन्हींतला दिवस नव्हता. "सर, ऋचाचा लॅपटॉप हाय का अजून तुमच्याकडं?" यज्ञेश्वर म्हणाले, "आहे." त्या ‘आ’वर त्यांनी नेहमीसारखा भार दिला. "अवनी मागतीया. तिच्या आईचा पायजे म्हणती. हाय तसा द्या, सर. उगा तरास घेऊ नका."

हा त्यांचा आजारच म्हणायचा. कानावर शब्द पडला की आधी त्याची चूक ऐकू यायची, अर्थ मागाहून. तीन वर्षांपूर्वी ह्याच माणसाने हडपसरच्या एका दवाखान्यातून फोन केला होता. "सर, ऋचा लई आजारी हाय. कावीळ डोक्यात गेलीया. डॉक्टर म्हणत्यात रिकव्हरी होईल, पण तुमी या." तेव्हाही त्यांना आधी ‘हाय’ ऐकू आलं होतं, आणि मग ‘आजारी’. ह्या दोन शब्दांमधल्या क्षणाची त्यांना आयुष्यभर लाज वाटत राहील. तो क्षण कुणाला दिसला नव्हता, ते लगेच रिक्षा करून निघालेही होते, पण ऋचा तोवर बोलण्यापलीकडे गेली होती. स्मशानात दिग्विजयने त्यांना खुर्ची आणून दिली. ते बसले नाहीत. सात महिन्यांनी त्यांनी नातीला, अवनीला, पहिल्यांदा नीट पाहिलं. आता ती नऊ वर्षांची. आजवर पाच भेटी. पाचव्या भेटीत तिने त्यांना नर्सरीतली कलमं दाखवली आणि चालता चालता त्यांचा हात धरला. आपण ह्या मुलीच्या मनात अजून कोरे आहोत, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. कुठे खाडाखोड नाही, समासात काही लिहिलेलं नाही. बहात्तराव्या वर्षी असं कोरं पान मिळणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. ते हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

आणि म्हणूनच लॅपटॉपचं नाव निघताच त्यांना ते झाकण आठवलं. ऋचा त्या झाकणाआड काय लिहीत होती? दुसरं काय लिहिणार? आई गेलेली, घरात बाप असला. नऊ वर्षांची पोर उद्या ते उघडून वाचेल. माझे बाबा मला असं म्हणाले, माझे बाबा तसं म्हणाले. आणि सहाव्या भेटीत हात धरणार नाही. ‘हाय तसा द्या’ ह्या तीन शब्दांचा त्यांनी मनातल्या मनात निकाल लावला: आधी ‘आहे तसा’ अशी दुरुस्ती, मग ही आपली ग्रामीण भिडस्त रीत असा शेरा. ‘तरास घेऊ नका’ म्हणतात ना, त्यातलंच. कुणाला वस्तू द्यायची ती स्वच्छ करून द्यावी, हा आपल्याकडचा रिवाज. त्यांनी कुसुमच्या बिस्किटांच्या डब्यातून नऊ सीड्या काढल्या, त्यांवर काय लिहिलंय ते चष्म्याशिवाय पाहिलं, आणि लॅपटॉप घेऊन रुपालीकडे आले.

"पासवर्ड आहे ह्याला," रुपाली म्हणाली होती. "उडवता येतो. दहा मिनिटांचं काम. आत काही हवंय का? फोटोबिटो?"

"नाही."

"बघून तरी घ्या एकदा. लोक नंतर रडत येतात."

"मी रडत येणाऱ्यांतला नाही. कोरा करून द्या. दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा."

तिने पावती लिहिली: ‘जुना डेटा नको. पुर्ण पुसणे.’ आणि सहीसाठी पुढे सरकवली. यज्ञेश्वरांनी सही करण्याआधी ‘पुर्ण’मधला पहिला उकार खोडून दुसरा केला. मग सही केली. ती पावती आत्ता काउंटरच्या काचेखाली दिसत होती. पूर्ण पुसणे. आता शुद्ध होतं.

चहा आला. काचेच्या छोट्या ग्लासात, वर साय धरलेला. यज्ञेश्वरांनी तो हातात नुसता धरून ठेवला. त्यांना दिग्विजय पहिल्यांदा घरी आला तो दिवस दिसत होता. ऋचाच्या वर्गाची सहल त्याच्या नर्सरीत गेली होती, तिथली ओळख. एका पिशवीत गुलाबाचं कलम घेऊन तो दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. "नर्सरी हाय आमची, लोणीला." आणि यज्ञेश्वर हसून, अगदी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या नव्या जुळाऱ्याला सांगावं तितक्या सहज म्हणाले, "हाय नव्हे. आहे." दिग्विजय म्हणाला, "व्हय... होय, आहे." त्यानंतर तासभर तो इतका जपून बोलला, की जवळजवळ बोललाच नाही. प्रत्येक वाक्याआधी तो मनात काहीतरी तपासत होता, आणि ऋचा त्याच्याकडे नाही, बापाकडे बघत होती. ते बघणं यज्ञेश्वरांनी तेव्हा टाळलं. आज टाळता येईना. ते कलम बाल्कनीत लावलं होतं. ते वाळलं, कुंडी अजून आहे.

मग ते पत्र. ऋचाने जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली ठेवलेलं. समोर बोलायची सोय राहिली नव्हती म्हणून लिहिलं असावं. यज्ञेश्वर ते वाचायला बसले आणि हातात पेन आलं. पेनाशिवाय त्यांना वाचताच येत नसे, ह्यात त्यांचा इलाज नव्हता. ‘दिग्वीजय’. ‘निर्णय पक्का आहे’मधला ‘नीर्णय’. शेवटची ओळ: ‘तुम्हि आलात तर मला बरं वाटेल.’ अकरा चुका. त्यांनी अकराही दुरुस्त केल्या. ते करताना त्यांचे डोळे भरून आले होते, हे खरंच होतं, पण लाल शाईत ते दिसण्यासारखं नव्हतं. आणि शेवटी, खाली उजव्या कोपऱ्यात, चाळीस वर्षं शेवटच्या प्रुफावर जे लिहायचे तेच त्यांनी लिहिलं: ‘दुरुस्तीनंतर छपाईस योग्य. य.’ ही त्यांची संमती होती. निदान पुढच्या सगळ्या वर्षांत ते स्वतःला असंच सांगत आले. प्रुफांच्या गठ्ठ्यांत वाढलेली पोर, तिला ह्या शेऱ्याचा अर्थ कळायला नको? छपाईस योग्य म्हणजे हो. जा. कर लग्न. त्यांनी पत्र पुन्हा तांब्याखाली ठेवलं आणि फिरायला निघून गेले. परत आले तेव्हा ऋचा नव्हती, पत्र नव्हतं, आणि लॅपटॉप टेबलावर चार्जरची वायर नीट गुंडाळून ठेवलेला होता. लोणी इथून एका बसच्या अंतरावर. लग्नाला ते गेले नाहीत. पुन्हा कुणी बोलावलं नाही, असं कारण त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं.

छापखान्यात आणखी एक खूण असते. चुकून काही खोडलं गेलं आणि ते मुळात बरोबरच होतं असं लक्षात आलं, तर खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘आहे तसे’. जुळारी समजतो: ह्याला हात लावू नको. ही खूण करणं म्हणजे आपण चुकीचं खोडलं अशी कबुली देणं. चाळीस वर्षांत यज्ञेश्वरांनी ती बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केली असेल, आणि ह्याचा त्यांना अभिमान होता.

"काका, घरी कळवा," रुपाली म्हणाली. "आज मिळणार होता ना त्यांना?"

त्यांनी फोन लावला. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. थोडा वेळ लागेल, लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय, असं त्यांनी सांगितलं.

"दुरुस्तीला?" दिग्विजय म्हणाला. "बिघडला व्हता का?"

"नाही. म्हटलं, मुलीला द्यायचा तर कोरा करून द्यावा. पहिल्यासारखा."

मोटार बंद झाली. दिग्विजयने बहुधा हाताने केली असावी. "कोरा म्हंजी? आतलं पुसलं?"

"हो."

"समदं?"

यज्ञेश्वरांच्या तोंडून ‘सगळं’ असं निघालं, पण ती दुरुस्ती नव्हती, उत्तर होतं.

"सर, मी म्हणलं व्हतं तुमाला. हाय तसा द्या म्हणलं व्हतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर यज्ञेश्वरांना बरं वाटलं असतं. "चालवायला तिला दुसरा हाय की. घेतलाय मी. हा तिला आतल्यासाठी पायजे व्हता. ऋचानं गोष्टी लिवल्या व्हत्या त्यात. पोरांच्या गोष्टी. लग्नाआधीच्या. लई हायत म्हणायची. कुणाला दावल्या न्हाईत कधी."

"का?"

विचारल्यावर लगेच त्यांना वाटलं, विचारायला नको होतं. वाईट बोलायचं नाही म्हणून दिग्विजय शब्द शोधत असावा.

"चुका असत्यात म्हणायची," तो म्हणाला.

रुपालीने लॅपटॉपचा पंखा आवाज करतो म्हणून बटण दाबून तो बंद केला. निळा पडदा काळा झाला. यज्ञेश्वरांचा चहा हातातच निवला होता. पलीकडून दिग्विजय बोलतच होता, आता त्याला थांबवत नव्हतं. "त्यातली एक तोंडानं सांगायची अवनीला, झोपवताना. एक म्हातारा हाय. लाल पेन घेऊन रानात फिरतो आन् झाडांच्या चुका काढतो. हे पान वाकडं, ही फांदी आखूड, असं. झाडं बिचारी लाजत्यात. पण म्हातारा लई मायाळू हाय आतनं, ते झाडांनाच ठावं हाय, त्याला न्हाई. पोरगी हसून हसून लोळायची. तुमीच हाय ते, हे आमाला दोघांनाबी म्हायती हाय."

यज्ञेश्वरांनी जे पुसलं जावं म्हणून एवढा खटाटोप केला होता, ते हे होतं. तिने त्यांना मायाळू म्हटलं होतं. कुठे काय लिहिलंय ह्याची जन्मभर तपासणी करणाऱ्या माणसाने हे एकच न वाचता खोडलं.

"मग?" त्यांनी विचारलं. "शेवट काय होतो त्याचा? म्हाताऱ्याचा?"

"तेच तर," दिग्विजय म्हणाला. "शेवट ती सांगायचीच न्हाई. म्हणायची, शेवट लॅपटॉपमधी हाय. आजोबांकडनं आणू, मग वाचू."

फोन कुणीतरी ओढून घेतल्यासारखी खरखर झाली. मग अवनीचा आवाज आला, स्पष्ट, अगदी जवळ. "आजोबा, तुमी वाचल्या व्हत्या का आईच्या गोष्टी?"

"नाही."

"एक पण न्हाई?"

"एक पण नाही."

ती विचार करत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. "मग तुमाला शेवट आठवत पण नसंल."

"नाही गं बाळा. मला माहीतच नाही."

"बरं," अवनी म्हणाली, आणि फोन परत बापाकडे दिला. ती रडली नाही. तिने दोष दिला नाही. ज्याच्याकडे वस्तू मिळेल असं वाटलं होतं त्या दुकानात ती नाही, एवढं कळल्यावर माणूस ‘बरं’ म्हणतो, तसं ती म्हणाली. यज्ञेश्वरांना वाटलं, कागद अजून कोराच आहे. आणि आपल्याकडे त्यावर लिहिण्यासारखं काहीही उरलेलं नाही.

दिग्विजयने घसा साफ केला. "सर, ऐका. लॅपटॉप टाकू मात्र नका. बंद असंल तर असू दे. तिची बोटं लागल्याली हायत त्याला. तुमी घेऊन या. हडपसरला उतरा, मी गाडी घेऊन येतो." आणि मग, "तुमी या."

यज्ञेश्वरांनी फोन खिशात ठेवला. गिरणीतून एक बाई पिठाचा डबा घेऊन गेली, तिच्यामागे गरम पिठाचा वास दुकानात आला. त्यांना रडू आलं होतं. मी रडत येणाऱ्यांतला नाही, असं ह्याच काउंटरपाशी चार दिवसांपूर्वी सांगितलेलं. रुपालीने तिकडे न बघता साडीचे तुकडे सारखे केले, एका कीबोर्डवरचा, मग दुसऱ्यावरचा. तिने असे बरेच पाहिले असावेत.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," ती शेवटी म्हणाली. "दुसरं विंडोज टाकते ह्यात. तासाभरात चालू होईल. वरून पुसूनही देते, ह्या फटींत कुंकू बसलंय अजून. अगदी नव्यासारखा दिसेल."

त्यांनी सहावी सीडी पुढे ओढली. "पेन आहे?"

तिने बॉलपेन दिलं, निळं. "आता दाबून लिहिलं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"आता काय व्हायचंय त्याला."

चष्मा ओला झाला होता. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला. मग सीडी डाव्या तळहातावर सपाट धरली, आणि आपणच खोडलेल्या त्या दुसऱ्या वेलांटीखाली एकेक करत ओळीने टिंबं दिली. समासात लिहायचं राहिलं. सीडीला समास नसतो.

"सांगा ना, काका. काय करू ह्याचं?"

"हाय तसा द्या," यज्ञेश्वर म्हणाले.